गप्प राहिलेल्यांची मतं

६ मार्च २०१६, रविवार. ब्रेडा

ऑर्केस्ट्राच्या वर्धापनदिनाची पुस्तिका पोस्टाने आली. गुळगुळीत जाड कागद. मधल्या पानभर सुनीती. पैठणी, मोठी टिकली, हातात व्हायोला. खाली जर्मनमध्ये आणि इंग्रजीत एकच ओळ: तिने आमच्या वादनात भारताचा आत्मा आणला.

हा फोटो देणगीदारांच्या जेवणाचा. साडी नेसून ये असं त्यांचा मॅनेजर डिर्क याने तिला मुद्दाम कळवलं होतं. परत येताना गाडीत सु. म्हणाली होती, "आज मी मेन्यूकार्डावर होते." पुढे जर्मनीच्या बॉर्डरवरचं व्हेन्लो येईपर्यंत बोलली नाही.

बाकी सगळी वर्षं ती तिथे काळी पँट आणि काळा शर्ट घालून उभी राहिली. तसा एक फोटो नाही.

पुस्तिका ईराला दाखवली नाही, आईचा हा फोटो तिला नको. कपाटात वर ठेवली.

७ मार्च

सकाळी पुन्हा काढली. इतिहासाचं पान वाचलं. नेहमीचीच गोष्ट. काही विद्यार्थी, पहिला कार्यक्रम, कंडक्टरची ट्रेन बर्फात अडकली, पोरं उभ्यानेच त्याच्याशिवाय वाजवायला लागली. तेव्हापासून या ऑर्केस्ट्रात कंडक्टर नाही, खुर्च्या नाहीत (चेलोवाले सोडून), सगळे मालक, प्रत्येकाला एक मत. मग वर्तमानपत्रांची वाक्यं. एका श्वासाने वाजवणारा ऑर्केस्ट्रा वगैरे. त्यांचं सगळं नाव या गोष्टीवर उभं आहे.

सु. ने मला खरी गोष्ट सांगितली होती. तिला हाइकेने सांगितलेली. हाइके म्हणजे व्हायोलात तिच्या शेजारी उभी राहणारी, सगळ्यांत जुनी. बर्फ पडलाच नव्हता. कंडक्टर वेळेवर आलेला होता, कोट घालून विंगेत उभा. याच लोकांनी त्याला आत बोलावलं नाही. मधे उभ्या असलेल्या एका व्हायोलावालीने जोरात श्वास घेतला आणि बाकीचे सुरू झाले. त्या माणसाने म्हणे पुन्हा कुठेच कंडक्ट केलं नाही. हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. पण बर्फ बरा दिसतो.

आता सु. चाही बर्फ करतायत.

(माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, कंडक्टर नाही तर तिकिटं कोण फाडतं. सु. ने हे तिथे जाऊन भाषांतर करून सांगितलं. कोणी हसलं नाही.)

९ मार्च

ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत डिर्कला फोन. सोमवारपासून मनात वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एकही वापरता आलं नाही.

पुस्तिकेबद्दल तो म्हणाला की सगळ्यांना फार आवडली. मग कार्यक्रमाचं बोलला. १६ एप्रिलला युट्रेख्टला सुनीतीच्या स्मरणार्थ. सुरुवात त्या ‘यमन’वाल्या नव्या रचनेने. कोणा जर्मन माणसाने रचलेली, दोन वर्षांपूर्वी यांनीच मागवलेली. त्यात तंबोरा आहे. तंबोरा सुनीतीच्या जागी ठेवणार.

मी म्हटलं की तिला यमन येत नव्हता. ती वेस्टर्नवाली होती.

तो शांतपणे म्हणाला की जानेवारीत तुम्हाला मेल केली होती, हरकत असेल तर कळवा असं लिहिलं होतं. तुमचं काही आलं नाही. आमच्याकडे कोणी गप्प राहिलं की होकार धरतात. आमच्यावर साहेब नाही, अशी रीत ठेवली नसती तर आजवर एकही निर्णय झाला नसता.

मेल मी वाचली होती. तिला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. इतका राग आला की उत्तर दिलं नाही.

आमच्या घरात मी गप्प बसलो की नाही. हे कोणाला सांगावं लागत नसे. सु. सोफ्याचा कॅटलॉग समोर धरायची, मी गप्प, ती तो रद्दीत टाकायची. इतकं सरळ होतं.

१३ मार्च, रविवार

महाराष्ट्र मंडळाच्या कुलकर्ण्यांचा फोन. पाडव्याच्या कार्यक्रमात दोन मिनिटं सुनीतीताईंसाठी ठेवतायत. पत्रिकेत व्हायोलिनवादक असं छापलंय. व्हायोला म्हटलं, जरा मोठं आणि खालच्या सुराचं. ते म्हणाले तेच ते. मग विचारलं, त्यांचं एखादं रेकॉर्डिंग आहे का, जरा आपलं वाटेल असं, एखादा अभंग वगैरे.

मी "बघतो" म्हणालो.

"मग धरून चालतो हं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे इथे, ते तिथे. सगळे धरून चालणारे.

ती पुण्यात कॅम्पात शिकली. फर्नांडिस सरांकडे, बेकरीच्या वरच्या खोलीत. सर टेबलावर लाकडी पट्टी आपटून ताल द्यायचे आणि चुकलं की पट्टी थांबायची. ओरडायचे नाहीत. लग्न करून इथे आली तेव्हा व्हिसावर ‘डिपेंडंट’ लिहिलं होतं. तो शब्द ती दाताखाली खडा आल्यासारखा म्हणायची. आधी इथल्या चर्चमध्ये हौशी लोकांत वाजवलं. मग बॉर्डरपलीकडे परीक्षा देऊन आली. पडद्यामागे उभं करून वाजवायला लावलं होतं, कोण आहे ते दिसू नये म्हणून. त्या पडद्याचं तिला फार कौतुक होतं.

आता पडदा काढून पैठणी लावली.

२० मार्च, रविवार

हाइके आली. ट्रेनने, सोबत घरी केलेला सफरचंदाचा केक आणि सु. च्या तिथल्या कपाटातल्या वस्तू. गजाला लावायच्या राळेची डबी, चपला, करडी शाल. शाल ईराने घेतली आणि वर गेली.

हाइके इंग्रजी सावकाश बोलते. तिने एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. सभासद मध्येच गेला तर त्याचा हिस्सा सीझन संपेपर्यंत घरच्यांकडे राहतो. म्हणजे जुलैपर्यंत सु. चं मत माझं. २ एप्रिलला सभा आहे, ये आणि बोल. मेल पाठवू नकोस, मेल कोणी वाचत नाही.

ईरा जिन्यात उभी होती. ती मराठी समजते, बोलते डच. पंधरा वर्षांची आहे. डचमध्ये म्हणाली, "बाबा ऑर्केस्ट्रात. त्याला ‘हॅपी बर्थडे’च्या टाळ्यासुद्धा धड वाजवता येत नाहीत."

हाइकेला हसू आलं. मलाही. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा बहुतेक.

२७ मार्च, ईस्टर

दुकानं बंद. खिचडी.

कुकर लावला आणि कुकर सिंफनी आठवली. हे नाव आमच्या घरातलं. खरं नाव मला आजही सांगता येणार नाही, कसला तरी मेजर आणि एक आकडा. सु. त्याचा सराव स्वयंपाकघरात करायची, कुकर गॅसवर असताना. व्हायोलाला त्यात जवळजवळ एकच सूर, पुन्हा पुन्हा. डग डग डग डग. मधेच एक पायरी खाली, परत वर. आमच्या घरात ही सिंफनी म्हणजे एवढंच. वरची चाल व्हायोलिनकडे, आणि व्हायोलिन आमच्या घरात नव्हतं.

हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. भलतंच काहीतरी सुंदर चाललं होतं. मग त्याच्या आतून डग डग ऐकू आलं.

मी एकदा विचारलं होतं की तुला याचा कंटाळा येत नाही का. ती म्हणाली, "मी थांबले तर वरचे सगळे पडतील. त्यांना ते माहीत नाही, म्हणून बरं चाललंय."

आत्मा म्हणे.

३ एप्रिल

काल सभा. जमेल तसं लिहितो.

ईराला दुभाषी म्हणून नेलं. शाळेत जर्मन आहे तिला. सभा जर्मनमध्ये चालते. तालमीचा हॉल, जमिनीवर मांड्या घालून बसलेली माणसं, थर्मासात कॉफी. मला खुर्ची दिली. एकट्याला. मी बसलो नाही.

पहिलं व्हायोलिन वाजवणारा तरुण आहे, तो आधी बोलला. फार प्रेमाने. सुनीतीला ही कल्पना किती आवडली असती वगैरे. मग डिर्कने मला विचारलं.

इंग्रजीत बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं तर मराठी आलं. ईराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती भाषांतर करायला लागली.

मी म्हणालो की तिने भारताचा आत्मा वगैरे काही आणला नाही. ती तुमच्या मधोमध उभी राहून तुमचा ताल सांभाळत होती. ते ती एका गोव्याच्या मास्तरांकडून शिकली, पुण्यात, आणि ते मास्तर तुमचंच संगीत शिकवायचे. तिच्या जागी तंबोरा नको. ऑक्टोबरात ती जी सिंफनी (आमची कुकरवाली) बसवत होती ती वाजवा आणि तिची जागा मोकळी ठेवा.

मग खुर्चीचं बोललो. ते ठरवलेलं नव्हतं. ऑक्टोबरच्या दौऱ्यात ती शेवटचं वाजवून आली तेव्हा तिचे पाय चपलेत मावत नव्हते. मी कोमट पाण्याची बादली आणली. खुर्ची का मागितली नाहीस म्हटलं. ती म्हणाली की दौऱ्याआधी डिर्कने सगळ्यांना विचारलं होतं, नेहमीसारखं उभ्यानेच ना, आणि कोणी काही बोललं नाही. तिला किमो चालू आहे हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. चेलोवाल्यांना खुर्च्या आहेत. तिच्या गप्प राहण्याचा तुम्ही होकार धरलात.

ईरा इथे अडखळली. मग बोलली. माझ्यापेक्षा बरंच जास्त बोलली. शेवटी तिने बोटांनी जमिनीवर डग डग डग डग वाजवलं. हाइके मान खाली घालून बसली होती. तिने पायाने ताल धरला. आणखी दोघा-तिघांनी.

काय सांगितलंस म्हणून नंतर गाडीत विचारलं. "तू म्हणालास तेच." एवढंच.

पुढचं उद्या.

४ एप्रिल

पायांचा ठेका थांबला. मला वाटलं झालं, मानलं यांनी.

डिर्क म्हणाला की खुर्चीचं खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते. हे त्याने इंग्रजीत, माझ्याकडे बघून सांगितलं. मग म्हणाला, "पण ही रचना मागवायची ठरली त्या सभेला सुनीती होती. हरकत कोणाची आहे असं मी दोनदा विचारलं. ती बोलली नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तिला नको होतं."

तो म्हणाला, "असेल. तुम्हाला हे नक्की माहीत आहे?"

मला राग आला, की हा माणूस मला माझ्या बायकोबद्दल विचारतोय.

शेवटी त्यांचं ठरलं की हा विषय मतांवर टाकायचा नाही. तिच्या मताने जे होईल ते, आणि तिचं मत सध्या माझ्याकडे आहे. युट्रेख्टला कार्यक्रमाच्या दिवशीच्या तालमीपर्यंत सांगायचं. काही कळवलं नाही तर छापलंय तसं.

गाडीपर्यंत हाइके आली. म्हणाली, तुला एक गोष्ट सांगायची की नाही हे मला आठवडाभर कळत नाहीये. ती रचना आली तेव्हा पहिली तालीम झाली. हेगहून तंबोऱ्याला एक मुलगी आली होती. तालीम संपल्यावर सगळे निघाले. सुनीती थांबली. हाइके विसरलेली छत्री घ्यायला परत गेली तेव्हा सुनीती जमिनीवर बसलेली होती, तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून. ती मुलगी तारा छेडत होती.

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

हाइके म्हणाली की पाठ होती तिची माझ्याकडे.

७ एप्रिल

सु. वर चिडलोय. पाच दिवस.

सभेतलं सगळं घरी येऊन सांगायची. कोण कोणाला बोलू देत नाही, कॉफीचे कप कोण धूत नाही, पहिलं व्हायोलिन स्वतःचा श्वास कसा ऐकत बसतं. पोळ्या लाटता लाटता नकला करायची. हे नाही सांगितलं. त्या तालमीच्या दिवशी रात्री उशीर झाला तेव्हा ट्रेन चुकली म्हणाली.

मला का नाही सांगितलंस. मी काय म्हटलं असतं. काहीच म्हटलं नसतं.

हो. तेच.

११ एप्रिल

कुलकर्ण्यांचा कार्यक्रम काल झाला म्हणे. गेलो नाही. त्यांनी एक अभंग लावला, कोणीतरी व्हायोलिनवर वाजवलेला. लोकांना वाटलं सुनीतीच. बऱ्याच जणांचे मेसेज आले, काय हात होता वहिनींचा. एकालाही उत्तर दिलं नाही. आता हे सगळे माझ्या गप्प बसण्याचं काय धरणार ते दिसतंच आहे.

सासूबाईंना पुण्याला फोन केला. सभेचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं की लहानपणी ती गाणं कधी शिकली का. म्हणाल्या, "छे. हिच्या वडिलांना सतार शिकवायची होती. घरात आणून ठेवली. हिने तिच्याकडे पाहिलं नाही. दोन दिवस जेवली नाही, मग कॅम्पात घातली." मला बरं वाटलं. म्हणजे माझंच बरोबर.

मग त्या स्वतःहून म्हणाल्या, "पण तिला नको असलं की ती भांडायची हो. गप्प बसायची नाही. गप्प बसली की समजायचं, पोरगी काहीतरी ऐकतेय."

मी म्हटलं, इथे आल्यावर ती बदलली असेल.

"असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे राहून."

त्यांचा टोमणा होता की नाही ते कळलं नाही.

१४ एप्रिल

खेमेन्टेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र, वैवाहिक स्थिती बदलल्याचं. ऑफिसात मार्लूस विचारत होती शनिवारी बायकोच्या कार्यक्रमाला फुलं पाठवू का. नको म्हटलं. चक्क तोंडाने. तिला काही विशेष वाटलं नाही.

डिर्कला फोन करून नाही म्हणायचं आहे. दोनदा नंबर काढला. नाही म्हणणं सोपं आहे, मी चिडलेला आहे. पण आता नुसतं माझं नाही म्हणून चालत नाही. मत तिचं आहे.

खुर्चीच्या वेळी ती गप्प बसली ते नक्की ‘हो’ नव्हतं. ते मला माहीत आहे, पाय मी पाहिलेत. मग तंबोऱ्याच्या वेळचं त्याच जातीचं म्हणायचं का. की तिच्याकडे आणखी एक गप्प होतं, आणि ते मला कधी दिसलंच नाही, कारण आमच्या घरात गप्प बसायचं खातं माझ्याकडे होतं.

१६ एप्रिल, शनिवार. युट्रेख्ट

चर्चमधल्या बाकावर बसून लिहितोय. तालीम चालू आहे. सकाळच्या ट्रेनने आलो, ईराने आईची करडी शाल घेतली आहे. बाहेर सायकलींतून दारापर्यंत वाट काढावी लागली.

आधी त्यांनी कुकर सिंफनी वाजवली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात आहे म्हणे. मला विचारून घातलेली नाही, हाइकेने घालायला लावली. हाइकेच्या शेजारची जागा मोकळी. व्हायोला एकच. वरची चाल आज स्वच्छ ऐकू आली. खालचं डग डग बारीक, एका बाजूला कललेलं. पडलं काही नाही. सगळे वाजवत राहिले. मला वाटलं होतं पडेल.

मग मधे एक बुटका चौथरा आणला. त्यावर गालिचा. बरोबर सु. च्या जागी. तिला सगळा दौरा उभं ठेवलं आणि आता तिथे गालिचा अंथरतायत. मी उठलोच होतो. तेवढ्यात हेगची मुलगी तंबोरा घेऊन आली आणि चौथऱ्यापाशी थांबली. माझ्याकडे आली. मराठी निघाली. हळूच म्हणाली, "काका, मी इथे बसू ना? की नको?"

तिला विचारलं की त्या दिवशी, पहिल्या तालमीच्या, सुनीती तुझ्याशी काय बोलली.

ती म्हणाली, "काही नाही. नुसतं ऐकत होत्या. मी दोनदा विचारलं, बंद करू का, त्या काही बोलल्या नाहीत. मग मी वाजवत राहिले."

डिर्क मधल्या रांगेतून येऊन माझ्यासमोर उभा आहे. घाई करत नाही. ऑर्केस्ट्रातले सगळे हातातली वाद्यं खाली करून इकडे बघतायत. हाइके तेवढी मोकळ्या जागेकडे बघतेय.

मी वहीत लिहितोय म्हणून त्यांना वाटत असेल उत्तर लिहितोय.

ईरा माझ्याजवळ सरकली. शाल नीट केली. आणि आज किती महिन्यांनी माझ्याशी मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत.

"बाबा, तू आता गप्प आहे. हे नाही-वालं गप्प आहे, की आईचं-वालं?"